२६ मे आणि ३१ मे : मुंबईच्या काँक्रीट रस्त्यांचा २०२४-२५चा हंगाम

मुंबईत रस्त्याच्या कामाला वर्षातले आठच महिने मिळतात. १ ऑक्टोबरला खोदाई सुरू करायची आणि ३१ मेच्या आत रस्ता मोकळा करून द्यायचा, हा महापालिकेचा ठरलेला शिरस्ता. २०२५ साली मोसमी पाऊस मुंबईत २६ मे रोजीच दाखल झाला. एरवीची तारीख ११ जून. कुलाबा वेधशाळेत त्या मे महिन्यात २९५ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि १९१८ सालचा २७९.४ मिलिमीटरचा मे महिन्याचा विक्रम मोडला. रस्ते काँक्रीटचे करण्याची शहराची आजवरची सर्वांत मोठी मोहीम नेमकी तेव्हा ऐन भरात होती.

हंगामाअखेरचा पालिकेचा हिशेब असा होता : पहिल्या टप्प्यातले ७५ टक्के आणि दुसऱ्या टप्प्यातले ५० टक्के काम उरकायचे होते, प्रत्यक्षात झाले ६३.५३ आणि ३६.८४ टक्के. दोन्ही मिळून सुमारे ३४३ किलोमीटर, म्हणजे एकूण कामाच्या ४९ टक्के. साहजिकच बोट पावसाकडे गेले. पावसाने नुकसान केले हे खरे आहे. पण ही तूट पावसाच्या पाच-दहा दिवसांत पडलेली नाही. ती त्याआधीच्या महिन्यांत, जमिनीखालच्या चरांमध्ये पडली. काँक्रीट ओतणे हा या कामातला सर्वांत छोटा भाग असतो, आणि वेळापत्रक मात्र त्याच्याच भोवती आखले जाते. या प्रकरणाचा अभ्यास करायचा तो याच मुद्द्यावरून.

पार्श्वभूमी

मुंबईत पालिकेच्या ताब्यातले रस्ते सुमारे २,०५० किलोमीटर. ते सगळे टप्प्याटप्प्याने सिमेंट काँक्रीटचे करायचे असा निर्णय झाला. १९ जानेवारी २०२३ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते सुमारे ४०० किलोमीटरच्या, सहा हजार कोटींहून अधिक खर्चाच्या कामांचे भूमिपूजन झाले. पाच मोठी कंत्राटे दिली गेली. त्यांपैकी शहर विभागाचे कंत्राट काम वेळेत सुरू न झाल्याने नोव्हेंबर २०२३ मध्ये रद्द करावे लागले, आणि दक्षिण मुंबईचा पूर्ण हंगाम त्यात गेला. पुढे दुसरा टप्पा आला, याद्या बदलल्या. २०२५ मध्ये पालिका दोन्ही टप्पे मिळून ७०१ किलोमीटर धरत होती : पहिल्यात ३२४ आणि दुसऱ्यात ३७७. काँक्रीट रस्त्याचा दोषदायित्व कालावधी, म्हणजे दोष निघाल्यास कंत्राटदारानेच दुरुस्त करून द्यायचा काळ, १० वर्षांचा ठेवला गेला आणि गुणवत्ता तपासायला आयआयटी मुंबईची त्रयस्थ संस्था म्हणून नेमणूक झाली.

एका रस्त्याचे दिवस मोजून पाहू

उपनगरातला एक साधा रस्ता धरू : लांबी ३०० मीटर, गाड्या चालतात ती रुंदी ६ मीटर, काँक्रीट स्लॅबची जाडी २५० मिलिमीटर. गुणाकार केला की ४५० घनमीटर काँक्रीट होते. ६ घनमीटरच्या मिक्सर गाड्यांच्या ७५ खेपा. रहिवाशांना ये-जा करायला जागा हवी म्हणून रस्ता अर्धा-अर्धा करतात. म्हणजे एका वेळी ३ मीटरचा पट्टा. रोज ७५ मीटर पट्टा ओतला तर दिवसाला नऊ-दहा गाड्या माल लागतो आणि एक बाजू चार दिवसांत होते. दोन्ही बाजू मिळून आठ दिवस. बस्स. १ ऑक्टोबर ते ३१ मे हे २४३ दिवस, आणि त्यातले ओतायचे दिवस आठ.

बाकीचे कुठे जातात? एका बाजूसाठी खडीच्या निचरा थराला (जीएसबी) आणि त्यावरच्या कोरड्या, दुबळ्या काँक्रीटच्या थराला (डीएलसी) पाणी मारण्याच्या दिवसांसह साधारण १२ दिवस लागतात. वरचे दर्जेदार काँक्रीट (पीक्यूसी) ओतायला चार. ते पूर्ण ताकदीला यायला २८. एकूण ४४. आणि पहिली बाजू वाहतुकीला उघडल्याशिवाय दुसरी खोदता येत नाही, म्हणून हे ४४ दिवस दोनदा, एकापाठोपाठ एक : ८८. जमिनीखालच्या वाहिन्यांसाठी उरतात ते यातून उरलेले दिवस.

१ ऑक्टोबरला सुरुवात : २४३ दिवसांतून ८८ वजा, उरले १५५. प्रत्येक बाजूला ७७.
१ जानेवारीला सुरुवात : १५१ मधून ८८ वजा, उरले ६३. प्रत्येक बाजूला ३१.
१ फेब्रुवारीला सुरुवात : १२० मधून ८८ वजा, उरले ३२. प्रत्येक बाजूला १६.

सोळा दिवसांत १५० मीटर मलवाहिनीसुद्धा नीट बदलून होत नाही. जलवाहिनी, विजेच्या केबल आणि पावसाळी गटार तर दूरच. म्हणजे जो अर्ध्या रुंदीचा रस्ता जानेवारी उलटल्यावर खोदला गेला, त्याचे ३१ मेचे गणित खोदतानाच चुकलेले होते. शेवटचे काँक्रीट ३ मेपर्यंत पडले तरच २८ दिवस ३१ मेला पुरे होतात. २६ मेच्या पावसाने जे थांबवले, त्यातले बहुतेक काम या हिशेबाने आधीच उशिरा चालले होते.

२०२५च्या सुरुवातीच्या महिन्यांत पालिकेने नवे खोदकाम करू नका, हातात आहे तेच पूर्ण करा, असे आदेश दिले. अतिरिक्त आयुक्त अभिजित बांगर यांनी रस्ता पूर्ण होणार नसेल तर निदान चौक ते चौक तुकडा पूर्ण करा असाही आग्रह धरला. दोन्ही आदेश योग्य होते. फक्त ते डिसेंबरात यायला हवे होते, कारण वरच्या हिशेबात जानेवारी हीच काठावरची तारीख आहे.

याला एक वाट आहे : रस्ता पूर्ण रुंदीने बंद करणे. मग १२, ८ आणि २८ असे ४८ दिवस एकदाच जातात आणि फेब्रुवारीत सुरू केलेल्या रस्त्यालासुद्धा वाहिन्यांसाठी ७२ दिवस मिळतात. जिथे समांतर गल्ली आहे, रुग्णालय वा अग्निशमन केंद्र नाही आणि सोसायट्यांच्या गाड्या चार महिने दुसरीकडे लावण्याची सोय करता येते, तिथे हाच पर्याय घ्यावा असे आमचे स्पष्ट मत आहे. लोकांना अर्धा रस्ता आठ महिने सोसण्यापेक्षा पूर्ण बंद रस्ता चार महिने सोसणे सोपे जाते, पण त्याची तारीख आधी सांगायला हवी आणि पाळायला हवी.

जमिनीखाली काय असते

मुंबईच्या जुन्या रस्त्याखाली नेमके काय आहे ते सांगणारा पक्का नकाशा सहसा मिळत नाही. म्हणून पहिले काम चाचणी खड्ड्यांचे. दर ५० मीटरवर रस्त्याच्या आडव्या दिशेने, मीटरभर रुंद आणि दीड ते दोन मीटर खोल खड्डा घ्यायचा. तोही हाताने, कुदळ-फावड्याने. हे वाचवून थेट पोकलेन लावले की पहिल्याच दिवशी केबल तुटते. मग वीज कंपनीचे पथक येणार, केबलची तुटकी टोके शोधणार, जोड करणार, तपासणार. कामाचा किमान एक दिवस जातो आणि आजूबाजूच्या इमारती अंधारात बसतात. ३०० मीटरच्या रस्त्याला सहा-सात खड्डे पुरतात आणि ते दोन दिवसांत होतात. ते रस्ता बंद करण्याच्या आधी, सप्टेंबरात, पावसाची उघडीप बघून घेता येतात. आमच्या मते पूर्ण प्रकल्पात सर्वांत स्वस्तात दिवस वाचवणारे काम हेच.

क्रम खालून वर. सर्वांत खोल मलनिःसारण वाहिनी, कारण ती केवळ उताराने वाहते आणि उताराशी तडजोड करता येत नाही. तिच्या वर आणि बाजूला जलवाहिनी. त्याच्याही वर गॅसची नळी, विजेच्या आणि दूरसंचाराच्या केबल. पावसाळी गटार कडेने. जी वाहिनी जितकी खोल तितकी ती आधी. हा क्रम मोडला की तोच चर दोनदा उघडावा लागतो. मोडतो तो बहुधा यंत्रणांच्या तारखा न जुळल्याने : मलवाहिनीचे पाइप यायचे आहेत, केबलवाले मात्र आजच आले, म्हणून त्यांना जागा दिली जाते, पंधरा दिवसांनी त्यांच्या केबलखाली खोदताना केबल लोंबकळत ठेवावी लागते.

जलवाहिनीची एक खास अडचण मुंबईचीच आहे. शहराला पाणी चोवीस तास नसते, ठरावीक वेळेला काही तास येते. जुनी वाहिनी तोडून नवी जोडायची तर पाण्याच्या दोन वेळांच्या मधल्या काळातच, आणि पुढच्या वेळेला पाणी सोडण्याआधी जोड तपासून. शिवाय प्रत्येक इमारतीची १५ ते २५ मिलिमीटरच्या लोखंडी नळ्यांची जोडणी वेगळी. जुन्या वस्तीत अशा नळ्यांचा गुच्छच निघतो, त्यातल्या निम्म्या बंद असतात आणि कोणत्या चालू ते पाणी आल्यावरच कळते. काही गटारातून गेलेल्या असतात. खोदताना त्यांना तडा गेला आणि पाण्याची वेळ नसताना नळी रिकामी राहिली की गटाराचे पाणी आत ओढले जाते. काम चालू असलेल्या गल्लीत गढूळ, वासाच्या पाण्याच्या तक्रारी सुरू होतात त्या यातून. उपाय एकच : काँक्रीटखाली जाणारी प्रत्येक घरजोडणी नवी करायची, गटाराच्या वरून न्यायची आणि माती टाकण्याआधी दाबाखाली तपासायची. जुनी नळी 'चालतेय' म्हणून ठेवणे म्हणजे पुढे कधीतरी तो स्लॅब फोडण्याची हमी.

आता सर्वांत दुर्लक्षित भाग : चर भरणे. स्लॅबला पडणाऱ्या तड्यांचे मूळ पुष्कळदा इथे असते. चर निघालेल्याच राड्यारोड्याने भरला, वरून जेसीबीचे बकेट दोनदा आपटले, की झाले असे समजले जाते. ते भरण पुढच्या पावसात खचते. काँक्रीट कडक असल्याने लगेच खाली जात नाही. पोकळीवर तरंगत राहते आणि एके दिवशी पाण्याच्या टँकरच्या चाकाखाली त्याचा कोपरा तुटतो. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते काँक्रीट खराब होते. चर भरायचा तो निवडलेल्या मुरमाने किंवा बारीक खडीने, १५० ते २०० मिलिमीटरच्या थरांनी, प्रत्येक थर ओलसर करून, छोट्या प्लेट कॉम्पॅक्टरने वा टॅम्परने दाबून. मोठा रोलर चरात उतरत नाही, म्हणून दबाई टळते. स्लॅबखालच्या मातीची घनता प्रयोगशाळेतल्या कमाल घनतेच्या ९७ टक्के हवी, आणि ती वाळू ओतून मोजण्याच्या साध्या चाचणीने जागेवर तासाभरात मोजता येते. चर अरुंद आणि नळ्यांनी भरलेला असेल, दबाईला जागाच नसेल, तर पातळ, कमी सिमेंटचे काँक्रीट ओतून भरावा. महाग पडतो, पण पाच-सहा दिवस वाचवतो आणि खचत नाही.

त्यानंतर आडवे मोकळे पाइप. पुढची दहा वर्षे कोणी ना कोणी नवी केबल टाकायला येणारच. ठरावीक अंतरावर रस्त्याच्या आडवे रिकामे डक्ट टाकून दोन्ही टोकांना चेंबर बांधले नाहीत तर नव्या रस्त्यावर खोदाईला परवानगी नाही या नियमाला काही अर्थ उरत नाही. डक्टची टोके कुठे आहेत याची नोंद आणि फुटपाथवर कायमची खूण हवी. चेंबर पेव्हर ब्लॉकखाली गाडला गेल्यावर कोणालाच सापडत नाही आणि शेवटी काँक्रीटच कापले जाते.

माल, पाणी आणि रात्र

वरच्या थराचे काँक्रीट एम-४० दर्जाचे, म्हणजे त्याच मालाच्या नमुना-घनाची ताकद २८ दिवसांनी किमान ४० मेगापास्कल. प्लांटमध्ये मिश्रण ४८च्या आसपास लक्ष्य धरून बेततात, म्हणजे रोजच्या चढउतारानंतरही ४०च्या खाली जाण्याची शक्यता फार कमी राहते. ही राखीव ताकद खाणारी गोष्ट म्हणजे जागेवर टाकलेले पाणी. गाडी वाहतुकीत अडकते, माल घट्ट होतो, पसरवायला जड जातो, आणि कोणीतरी ड्रममध्ये नळी सोडतो. घनमीटरमागे ५ लिटर जादा पाण्याने स्लम्प (ओला माल किती बसतो, म्हणजे किती नरम आहे, याचे माप) साधारण २५ मिलिमीटर वाढतो आणि ताकद १ ते दीड मेगापास्कल घटते. ६ घनमीटरच्या गाडीत हे पाणी म्हणजे ३० लिटर, दोन बादल्या. शिवाय पाणी वर येते, पृष्ठभाग दुबळा होतो, पहिल्याच वर्षी धूळ सुटते आणि खडी उघडी पडते.

म्हणून स्लम्प चाचणी दोनदा : प्लांटमधून निघताना आणि जागेवर ओतण्याआधी. वाटेत स्लम्प कमीच व्हायला हवा. जागेवरचा आकडा प्लांटच्या आकड्यापेक्षा जास्त आला, तर पाणी मिसळले गेले किंवा एक चाचणी खोटी आहे. तिसरी शक्यता फारशी नसते. २०२५च्या मार्च-एप्रिलमध्ये पालिकेने ही चाचणी सक्तीची केली आणि विसंगती सापडल्यावर काही रेडी मिक्स प्लांटांना दंड, पुरवठ्यावर बंदी अशी कारवाईही झाली. ही कारवाई महत्त्वाची होती, कारण स्लम्पला दहा मिनिटे लागतात आणि गाडी परत पाठवता येते. घनाचा निकाल २८ दिवसांनी येतो, तेव्हा माल दगड झालेला असतो. घट्ट माल नरम करायचाच असेल तर प्लांटच्या तंत्रज्ञासमोर रसायनाचा दुसरा डोस द्यावा, पाणी नव्हे. आणि मिसळल्यापासून दोन तासांत गाडी रिकामी व्हायला हवी. मुंबईच्या संध्याकाळच्या कोंडीत ते शक्य नसते, म्हणून काँक्रीट रात्री ओतावे. रात्रीचा दुसरा फायदा तापमानाचा : ओतताना मालाचे तापमान ३० अंशांच्या वर नको, आणि एप्रिलच्या दुपारी ते थंड पाणी वा बर्फाशिवाय साधत नाही.

डीएलसी आणि पीक्यूसी यांच्या मध्ये १२५ मायक्रॉनचा प्लास्टिक कागद अंथरतात, म्हणजे वरचा स्लॅब आकुंचन पावताना खालच्या थराला चिकटून फाटत नाही. कागद फाटलेला, सुरकुतलेला असेल तर तिथे तडा ठरलेला. आडवे सांधे साधारण साडेचार मीटरवर. या सांध्यांत दोन स्लॅबना जोडणाऱ्या, पण आकुंचन-प्रसरणात सरकू देणाऱ्या सळया म्हणजे डॉवेल. २५० मिलिमीटर जाडीला त्या ३२ मिलिमीटर व्यासाच्या, ४५० मिलिमीटर लांब, ३०० मिलिमीटर अंतराने. गुळगुळीत, आणि अर्ध्याहून अधिक लांबीवर प्लास्टिकचे वेष्टन असलेल्या. आपल्या ३०० मीटरच्या रस्त्याला असे ६६ सांधे आणि साधारण १,३०० डॉवेल लागतात. एकही तिरपी बसली की दोन स्लॅब एकमेकांत अडकतात आणि तडा सांध्यात न पडता शेजारी, नागमोडी पडतो.

सांधा कापण्याची वेळ चुकवू नये. उन्हाळ्यात ओतल्यापासून साधारण ६ ते ८ तासांत, जाडीच्या पाव ते एक तृतीयांश खोल काप घ्यायचा. लवकर कापले तर कडा तुटतात. उशीर झाला तर काँक्रीट आपणच आपली जागा शोधून तडकते. रात्री दहाला ओतलेला तुकडा पहाटे चार ते सहा या वेळात कापायला येतो, आणि नेमके तेव्हा कटर चालवणारा घरी गेलेला असतो किंवा आवाजामुळे रहिवासी मशीन बंद पाडतात. ओतण्याची परवानगी घेतानाच कापण्याच्या वेळेची सूचना सोसायट्यांना लेखी दिली, तर हा प्रश्न बऱ्याच अंशी सुटतो.

मग पाणी, म्हणजे क्युअरिंग : काँक्रीट टणक होईपर्यंत ओले राखणे. आधी क्युअरिंग रसायनाचा फवारा, पृष्ठभाग टणक झाला की ओले गोणपाट, १४ दिवस, सतत ओले. एप्रिलमध्ये गोणपाट दोन तासांत वाळते. टँकरने दिवसातून दोनदा मारलेले पाणी म्हणजे क्युअरिंग नव्हे.

चेंबरच्या झाकणाभोवती काँक्रीट एकसंध ओतू नये. झाकणाभोवती चौकोनी तुकडा स्वतंत्र ठेवून मध्ये सांधा सोडावा आणि जमेल तिथे आडवा सांधा चेंबरवरून जाईल असे अंतर थोडे मागेपुढे करावे. नाहीतर चेंबरच्या कोपऱ्यातून तिरपा तडा निघतोच; शहरातल्या कोणत्याही जुन्या काँक्रीट रस्त्यावर हे तडे पाहायला मिळतील.

पाऊस आला तेव्हा

पाऊस सगळ्या अर्धवट रस्त्यांचे सारखे नुकसान करत नाही. रस्ता कोणत्या पायरीवर थांबला त्यावर सगळे ठरते.

उघडा चर सर्वांत वाईट. त्यात पाणी साठते, बाजूची माती ढासळते, फुटपाथ आणि कुंपणभिंतीचा आधार जातो. पंप लावून पाणी काढायचे, चिखल खरवडायचा, वाहिनी पूर्ण झालेली नसेल तर तिची टोके बुचाने बंद करायची आणि चर खडीने थराथराने भरून वर तात्पुरते पेव्हर ब्लॉक वा मास्टिक (गरम ओतायचे डांबरी मिश्रण). इथे घाईत माती टाकली तर जुलैत तोच खड्डा परत.

खडीच्या थरावर थांबलेला रस्ता त्या मानाने बरा, पण गाड्यांनी खालची माती वर येऊन खडीत मिसळते आणि तिची निचऱ्याची क्षमता संपते. ऑक्टोबरात तो थर काढून नवा टाकावा लागतो. वरून नुसता रोलर फिरवून भागत नाही.

डीएलसीवर थांबलेला रस्ता फसवा. दिसतो काँक्रीटचा, म्हणून बॅरिकेड हटवून वाहतूक सोडली जाते. तो थर गाड्यांसाठी नसतोच. चार महिन्यांत त्याला खड्डे पडतात, आणि त्याच खडबडीत, तुटक्या थरावर पुढे स्लॅब ओतला तर स्लॅबची जाडी जागोजाग बदलते. वाहतूक सोडावीच लागणार असेल तर वर डांबरी थर द्यावा आणि नंतर तो काढण्याचा खर्च आधीच मान्य करावा.

एक बाजू काँक्रीटची आणि दुसरी जुनी डांबरी, हे दृश्य त्या पावसाळ्यात अनेक ठिकाणी होते. पातळीत फरक असला की दुचाकीचे चाक कडेला घसरते. पूर्ण लांबीभर हलका उतार देऊन कड झाकायला हवी, नुसता लाल-पांढरा ड्रम पुरत नाही. आणि नवा उंच पट्टा पाण्याला आडवा येतो. जुन्या बाजूचे पाणी गटारापर्यंत जायला तात्पुरती वाट करून दिली नाही तर ते थेट सोसायटीच्या आवारात शिरते.

पातळीचा हा प्रश्न पावसापुरता नाही. जुना डांबरी रस्ता थरावर थर चढून आधीच उंच झालेला असतो. काँक्रीट करताना पूर्ण खोलीपर्यंत खोदून नवी पातळी इमारतींच्या जोत्याखाली राखायला हवी. खोदाई वाचवली की रस्ता कोरडा राहतो आणि तळमजले पाण्यात जातात. नकाशावर दर १० मीटरला दोन्ही बाजूंच्या प्रवेशद्वारांची पातळी लिहिलेली असावी. रहिवाशांनी मागून घ्यावा असा कागद हाच.

झाडांबाबतही तेच. चर खोडालगत घेतला की एका बाजूची मुळे तुटतात, वरून बुंध्यापर्यंत काँक्रीट येते, आणि पहिल्या वादळी पावसात झाड उलट्या बाजूला पडते. खोडाभोवती किमान मीटरभर माती मोकळी ठेवावी, आणि त्या टप्प्यात खोदाई हातानेच करून मुळांच्या खालून पाइप सरकवावा. यात दिवस जातो, म्हणून कंत्राटदार टाळतो; कामाच्या दरपत्रकात ही बाब वेगळी लिहून तिचे पैसे दिले तरच ती होते.

ऑक्टोबरात पुन्हा सुरुवात करताना

पावसाळ्यापूर्वी ओतलेल्या स्लॅबचे सांधे आधी पाहावेत. घाईत ते सील न करता सोडलेले असतात. चार महिन्यांत त्यात वाळू-खडी शिरते, उन्हात स्लॅब प्रसरण पावला की कडा उडतात. काप रुंद करून, हवेच्या दाबाने स्वच्छ करून, कोरडे झाल्यावरच सीलंट भरावे. तडे गेलेले स्लॅब मोजून त्यांचा नकाशा करावा. पूर्ण खोलीचा तडा असेल तर दोन सांध्यांमधला अख्खा तुकडा काढायचा. तड्यावर रसायन भरून त्याला दुरुस्ती म्हणू नये. जाडी आणि ताकद कोअर (स्लॅबमधून कापून काढलेला गोल नमुना) काढून तपासावी : तीन कोअरची सरासरी दर्जाच्या ८५ टक्के, आणि एकही ७५ टक्क्यांच्या खाली नको. एम-४०साठी हे आकडे ३४ आणि ३० मेगापास्कल.

आणि जिथे काम मध्येच थांबले तिथल्या सळया. शेवटच्या स्लॅबच्या टोकाला डॉवेल बाहेर आलेल्या असतात, कडेने टाय बार, म्हणजे शेजारच्या पट्ट्याला बांधून ठेवणाऱ्या सळया. मुंबईच्या खाऱ्या, दमट हवेत चार महिन्यांत डॉवेलवर गंजाचे पापुद्रे येतात. टाय बारवरून गाड्या जाऊन त्या वाकतात किंवा पेव्हर ब्लॉक बसवताना कामगार त्या कापून टाकतात. वाकलेली सळई हातोड्याने सरळ करून तशीच गाडली, तर ती मुळाशी तुटायला आलेली असते. गंजलेली डॉवेल सरकत नाही, सांधा गोठतो. अशा सळया कापून, शेजारी ड्रिलने नवी भोके घेऊन, ती हवेने साफ करून नव्या सळया इपॉक्सीने बसवाव्यात. एका आडव्या टोकाला ३ मीटर रुंदीत दहा डॉवेल येतात. दोन माणसांचे एका दिवसाचे काम आहे, आणि ते दुसऱ्या बाजूचे काँक्रीट मागवण्याच्या आदल्या आठवड्यात उरकलेले हवे.